दीड पानाचा निबंध आणि त्याचा हिशेब

३० मे १९५९ च्या 'नेचर' साप्ताहिकात पान १५३३ वर एक निबंध सुरू होतो आणि पुढच्याच पानावर संपतो. लेखक एकटेच, एस. एन. डे, पत्ता कलकत्त्याचा. पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढवले तो गाळून त्यातले जंतू पूर्ण काढून टाकले आणि उरलेला नितळ द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडे पाण्याने टम्म भरते, एवढेच त्यात दाखवले आहे. म्हणजे रोग्याचा घात करते ते जंतूने सोडलेले विष. ते करायला जंतू जवळ असावाच लागतो असे नाही. असे विष असले पाहिजे असे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली म्हटले होते. ते दाखवून द्यायला ७५ वर्षे जावी लागली.

शंभुनाथ डे यांची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती एका ठरलेल्या साच्यात. देशाने उपेक्षा केली, परदेशाने कदर केली, आणि कदर झाल्याचा पुरावा काय, तर त्यांच्या निबंधांचे जगभरच्या शास्त्रज्ञांनी केलेले उल्लेख. पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिसरीबद्दल आहे, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. सायटेशन या शब्दाला आपण 'उद्धरण' असा प्रतिशब्द केला. तोच शब्द उद्धारासाठीही चालतो, हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण डे यांचे उद्धरण झाले म्हणून त्यांचा उद्धार झाला, असाच या कथेचा सूर असतो.

मी पदवीने शास्त्रज्ञ नाही. तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासाचा नाद मला गिऱ्हाईक नसलेल्या दुपारींनी लावला. त्यामुळे शास्त्रज्ञाची कामगिरी मोजावी कशी, हा प्रश्न मला बढतीसाठी कधी पडला नाही. कुतूहल म्हणून पडला.

आधी ती कामगिरी नीट पाहू. डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातला. वैद्यकाचे शिक्षण कलकत्त्यात, मग लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली पीएच.डी., आणि परत येऊन पुन्हा कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राची अध्यापकी. म्हणजे संशोधनसंस्थेतले पूर्णवेळ संशोधक ते नव्हेत. शिकवणे, शवविच्छेदने, परीक्षा हे सगळे सांभाळून उरलेल्या वेळात संशोधन. पटकीवरचे त्यांचे मोलाचे काम चार निबंध आणि एका पुस्तकात मावते. १९५३ साली डी. एन. चॅटर्जींबरोबर, सशाच्या लहान आतड्याचा एक वेटोळा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत. १९५६ साली तीच पद्धत वापरून, हगवणीच्या रोग्यांत सापडणाऱ्या कोलाय जंतूंच्या काही जातीही आतडे तसेच भरून टाकतात, हे निरीक्षण. १९५९ चा 'नेचर'मधला दीड पानाचा निबंध. १९६० साली त्याचाच विस्तार. आणि १९६१ साली एडिंबरोच्या ऑलिव्हर अँड बॉइडने काढलेले पटकीच्या विकृतिशास्त्रावरचे पुस्तक. बस्स.

यातली कल्पकता कुठे आहे ती सांगायला हवी, कारण आकड्यांत ती दिसत नाही. कॉखच्या मागून आलेल्या पिढ्यांनी विष शोधले नाही असे मुळीच नाही. रिखार्ड फायफर यांनी जंतूच्या शरीरातच दडलेले, जंतू फुटल्यावर बाहेर पडणारे विष वर्णन केले आणि शास्त्र त्या वाटेने गेले. प्राण्याच्या उदरपोकळीत किंवा शिरेत मेलेले जंतू टोचायचे आणि प्राणी मरतो का ते पाहायचे. प्राणी मरत. पण पटकीने मरत नसत. पटकीत माणूस मरतो तो आतड्यातून पाणी वाहून गेल्यामुळे, तासाला लिटरभरसुद्धा. डे यांनी प्रश्नच बदलला. प्राणी मरतो का, हे विचारायचे सोडून आतड्यात पाणी साचते का, हे त्यांनी विचारले. विष रक्तात शोधायचे सोडून जिथे रोग घडतो तिथे शोधले. बाकी साधने कोणत्याही जिल्हा रुग्णालयात मिळाली असती: ससा, दोरा, सुई, गाळणी.

आणि इथे एक गंमत आहे. आतड्याचा वेटोळा बांधून त्यात पटकीचे जंतू सोडण्याचा प्रयोग व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी १९१५ साली फ्रेंच नियतकालिकात नोंदवून ठेवला होता. डे यांच्या जन्मसाली! तो विसरला गेला आणि डे यांनी स्वतंत्रपणे तीच वाट पुन्हा पाडली. विस्मृतीचा बळी म्हणून ज्यांचे नाव घेतो, त्यांच्या आधीही कुणी विस्मृतीत गेलेले असते. त्यांच्यासाठी कुणी विशेषांक काढत नाही.

आता उल्लेखांकडे. युजीन गारफील्ड या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाने १९५५ साली 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली होती, की कोणता निबंध पुढे कुणाकुणाच्या तळटिपांत आला याची सूची करावी. प्रेरणा वकिलांकडून आली. अमेरिकेत जुन्या निवाड्यांचे पुढे काय झाले ते दाखवणाऱ्या शेपर्डच्या सूच्या १८७३ पासून निघत होत्या. १९६४ साली गारफील्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' छापून बाहेर पडली. मूळ हेतू शोधाशोधीचा होता: एका निबंधावरून त्याच्या मागून आलेल्या निबंधांकडे जाता यावे. मोजमापाची हाव मागाहून सुटली.

याच गारफील्ड यांनी एप्रिल १९८६ मध्ये, डे वारल्यानंतर वर्षभराने, आपल्या 'करंट कंटेंट्स' या साप्ताहिकात डे आणि पटकी-संशोधनाचा नकाशा या विषयावर एक लेख लिहिला. डे यांच्यावर नंतर लिहिणारे बहुतेक जण या लेखावर उभे आहेत. लेख प्रेमाने लिहिलेला आहे, त्यात शंका नाही. एका भारतीय अध्यापकाचे श्रेय जगापुढे मांडावे म्हणून गारफील्ड यांनी आपले यंत्र कामाला लावले. पण तो नकाशा तयार होतो कसा, हे पाहिले पाहिजे. दोन जुने निबंध एकाच नव्या निबंधाच्या तळटिपांत वारंवार जोडीने आले, तर ते एकमेकांजवळ मांडायचे. हेन्री स्मॉल यांनी १९७३ साली सुचवलेली ही रीत. म्हणजे नकाशा असतो तो नंतरच्या लेखकांच्या स्मरणशक्तीचा. १९५९ साली कलकत्त्यात काय घडले ते त्याला ठाऊक नसते. १९७५ किंवा १९८० साली पटकीवर लिहिणाऱ्यांना तळटीप देताना कुणाची आठवण झाली, एवढेच तो सांगतो.

ती आठवण त्यांना का झाली? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर डे यांच्या निबंधात अर्धेच आहे. उरलेले अर्धे त्या काळाच्या इतिहासात. १९६१ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून 'एल टोर' जातीच्या पटकीची सातवी जागतिक साथ निघाली. त्याच सुमारास ढाक्यात अमेरिकी मदतीने पटकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली, कलकत्त्यातही जॉन्स हॉपकिन्सची माणसे आली. पैसा आला, तरुण डॉक्टर आले, आणि डॉक्टर आले की निबंध येतात. १९५९ साली पटकीच्या आतड्यातल्या घडामोडींवर काम करणारे जगात मोजके लोक होते. दहा वर्षांनी त्यांची एक जमात झाली होती. डे यांचा निबंध तोच होता, त्यातले एक अक्षर बदलले नव्हते. तो वाचून तळटीप देणारे हात वाढले. उल्लेखांचा आलेख चढला त्यात कलकत्त्याच्या सशांचा वाटा किती आणि ढाक्याच्या डॉलरांचा किती, हे आलेख वेगळे करून दाखवत नाही.

उल्लेख मोजणाऱ्या मंडळींनी अशा निबंधांना एक गोड नावही दिले आहे. नेदरलँड्सचे व्हान रान यांनी २००४ साली त्यांना 'झोपलेल्या राजकन्या' म्हटले: बरीच वर्षे निपचित, मग एखादा राजकुमार येतो आणि उल्लेख सुरू होतात. उपमा सुंदर आहे, म्हणूनच घातक. राजकन्या झोपलेली नसते. दीड पानाचा तो निबंध कलकत्त्यात, मुंबईत, लंडनमध्ये ग्रंथालयांच्या मांडणीवर उघडाच पडला होता. झोपलेले कोण होते, हा प्रश्न उपमेने उलटा केला.

मुंबईचे नाव सहज घेतले नाही. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्याला प्लेगच्या लसीमुळे ठाऊक आहे. पण पटकीच्या विषाच्या इतिहासात तिचे एक स्वतंत्र पान आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत ते जवळजवळ पोचलेलेच नाही. तिथले एन. के. दत्ता हे औषधशास्त्रज्ञ. १९५५ साली दत्ता आणि हब्बू यांनी सशाच्या तान्ह्या पिल्लांना पटकी देण्याची पद्धत बसवली. डे यांच्या पद्धतीत आतडे बांधलेले, म्हणून जुलाब बाहेर दिसत नाहीत. दत्तांच्या पिल्लांना खरोखरीचे जुलाब होत. पद्धत काढली होती औषधे तपासायला. आणि १९५९ साली, डे यांचा निबंध आला त्याच वर्षी, दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'मध्ये दोन पानांचा निबंध लिहून दाखवले की जिवंत जंतूंशिवाय, जंतू फोडून काढलेल्या अर्कानेसुद्धा पिल्लांना पटकीसारखेच जुलाब होतात.

एकाच वर्षी, एकाच देशातल्या दोन शहरांत, दोन वेगळ्या पद्धतींनी एकच गोष्ट. दोहोंत फरक आहे आणि तो मी झाकणार नाही. डे यांनी जंतू न फोडता, ते वाढले त्या द्रवातच विष दाखवले, म्हणून विष बाहेर सोडले जाते हा निष्कर्ष त्यांच्याकडून अधिक स्वच्छ निघतो. मुंबईच्या अर्कात जंतूच्या पोटातलेही सगळे उतरलेले असणार. पहिल्या मानाचे पान डे यांचे, हे मला मान्य आहे. पण पुढची वाट पाहा. अमेरिकेचे रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी १९६९ साली लोस्पालुटो यांच्या सोबतीने हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच फिंकेलस्टाइन यांच्या १९६४ च्या निबंधात प्रयोगाचे प्राणी आहेत सशाची तान्ही पिल्ले, आणि तिसऱ्या लेखकाचे नाव आहे एन. के. दत्ता. विषाच्या शुद्धीकरणाकडे जाणारी एक ठळक वाट परळवरून जाते.

तरीही 'उपेक्षित भारतीय शास्त्रज्ञ' या सदरात दत्तांची कथा कुणी लिहीत नाही. कारण सरळ आहे. त्यांची उपेक्षा पुरेशी नाट्यमय नाही. ते परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करत राहिले, त्यांच्या निबंधांना उल्लेखही मिळाले. डे यांच्या वाट्याला मात्र कथानक आले. शुद्धीकरणाची साधने हाताशी नव्हती, साठीच्या दशकाच्या आरंभीच ते या विषयातून जवळजवळ बाहेर पडले, १९७३ साली निवृत्त झाले. मग १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाने त्यांना बोलावले. तिथे ते जे बोलले ते प्रसिद्धच आहे: साठच्या दशकाच्या आरंभापासून आपण मेल्यातच जमा होतो, या समितीने आपल्याला उकरून वर काढले, अशा आशयाचे. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल मानकऱ्याने त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले. पण भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्य करून घेतले नाही. १९८५ साली ते वारले, १९९० साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला आणि अकादमींची ही चूक स्पष्ट शब्दांत मांडली.

आता क्रम लक्षात घ्या. स्टॉकहोमचे आमंत्रण १९७८ चे. गारफील्ड यांचा नकाशा १९८६ चा. डे यांना उकरून काढणारे लोक विषयाचे जाणकार होते. त्यांनी जुने निबंध काढून वाचले होते आणि प्रश्न कुणी बदलला हे ओळखले होते. आकडा त्यांच्या मागून आला. त्याने निवाडा दिला नाही, आधीच झालेल्या निवाड्याची नक्कल काढून दिली. आकड्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सत्तरच्या दशकात सूचीचे खंड उपलब्ध होते. अकादमींच्या निवड समित्यांपैकी कुणी 'डे, एस. एन.' हे नाव उघडून पाहिले असते, तर ओळखीपाळखीच्या बाहेरचा एक पुरावा त्यांच्यापुढे आला असता. आकड्याला वशिला लागत नाही. पण ज्यांना निबंध वाचायचे नव्हते त्यांना आकडाही पाहायचा नव्हता.

आज परिस्थिती उलटली आहे. आकडा सगळे पाहतात. २००५ साली हॉर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने एच-निर्देशांक काढला: अमुक इतके निबंध, प्रत्येकाला किमान तितके उल्लेख. गणिताने उघड आहे की हा निर्देशांक निबंधांच्या एकूण संख्येवर कधीच जाऊ शकत नाही. दीड पानाच्या त्या निबंधाला दहा हजार उल्लेख मिळोत, निर्देशांकात त्याचे वजन एकाच खड्याचे. मोजक्याच निबंधांत आपले म्हणणे संपवणारा माणूस या तराजूत हलका भरणार, आणि तेच निरीक्षण बारा तुकड्यांत छापणारा जड. पुन्हा, सर्वाधिक उल्लेख कशाला मिळतात? ऑलिव्हर लोरी यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक मिळाले, जगात सर्वांत जास्त. त्यात प्रथिने मोजण्याची एक सोयीची रीत आहे, आणि हे आपले थोर काम नव्हे असे खुद्द लोरीच सांगत. तिकडे जे खरोखर मुरते त्याची तळटीप गळून पडते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवले आहे. पटकी विषाने होते हे वाक्य आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात संदर्भावाचून येते.

आरोग्याच्या क्षेत्रात तर आणखी एक गळती आहे. डे यांच्या शोधाचा आणि जलसंजीवनीचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, तो ओढून-ताणून जोडू नये. पण रोग पाणी जाण्याचा आहे, आतड्याचे अस्तर शाबूत राहते, म्हणून पाणी परत भरता येते, हा विचार याच वर्षांत घट्ट झाला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्यांचा निबंध १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या नियतकालिकात आला. पद्मविभूषण मिळाले २०२३ साली, मृत्यूनंतर. माझ्या दुकानात पावसाळ्यात त्या पुड्या सर्वांत जास्त खपतात. पुडीवर तळटीप नसते.

हे सगळे इतिहास म्हणून सोडून देता आले असते. पण २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामाला गुण लावले, वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी प्रकाशित निबंधांची अट आली, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. माझ्या ओळखीचे एक विकृतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. शिकवतात उत्तम, शवविच्छेदनाच्या नोंदी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. त्यांच्या महाविद्यालयातल्या समितीने त्यांना विचारले, तुमचे निबंध किती? कशावर आहेत, हे कुणी विचारले नाही. डे यांच्यासारखेच ते अध्यापक. त्यांच्याकडे डे यांच्या तोडीचे काही आहे असा माझा दावा नाही. असते, तर त्या समितीला ते कळले असते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि डे यांच्या आकड्याने भारून जाऊन लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनाही एक सांगायचे आहे. शास्त्रज्ञाची उंची उल्लेखांनी मोजून त्याचा कैवार घेतला, की ज्या तराजूने त्या प्राध्यापकांना हलके ठरवले त्याच तराजूला आपण फुले वाहतो. डे थोर आहेत ते १९५९ च्या त्या दीड पानामुळे, आणि १९६२ साली, जेव्हा त्यांचे नाव क्वचितच कुणी घेत होते, तेव्हाही तितकेच थोर होते.

छापील सूचीची एक रीत अजून सांगायची राहिली. गारफील्ड यांच्या त्या जुन्या खंडांत उल्लेखलेला निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लागत असे. म्हणून १९५३ चा निबंध डे यांच्या खाती आहे, चॅटर्जींच्या नाही. १९५५ चा दत्तांच्या खाती, हब्बूंच्या नाही. आणि परळला सशांच्या तान्ह्या पिल्लांना तो अर्क दिला गेला त्या १९५९ च्या निबंधासाठी पानसे किंवा कुलकर्णी या आडनावांखाली शोधू गेले, तर त्या खंडांत ती ओळच सापडत नाही. निबंधाच्या माथ्यावर मात्र दोघांचीही नावे छापलेली आहेत, दत्तांच्या शेजारी, त्याच टाइपात.